एक सोडून एक टाकी

मासे मेले ते भर दुपारी, आणि सगळ्या टाक्यांमधले मेले नाहीत. म्हणूनच बाईवर बालंट आलं.

माशांची पिल्लं वाढवायची ती एक मोठी शेड होती. आत सिमेंटच्या टाक्यांची लांबच लांब रांग आणि प्रत्येक टाकीत बोटाएवढी पिल्लं. तिथे त्यांना सगळे बोटुकली म्हणत. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते, मग पंपाने जास्तीची सोडावी लागते. हे काम भिंतीवरची एक कंट्रोलची पेटी करायची, आणि पेटीने कधी काय करायचं हे देखरेखीच्या बाईने पेटीला लिहून दिलेलं होतं. त्या दिवशी, बाईने लिहून दिल्यापासून पहिल्यांदाच, पाणी तापलं तशी पेटी कामाला लागली. बाई शेडच्या मागे जाळ्या धूत होती. ती आत आली तेव्हा पहिल्या टाकीत पिल्लं नेहमीसारखी सळसळत होती आणि दुसरीत पोटं वर करून तरंगत होती. तिसरी ठीक, चौथी गेलेली. असं पार शेवटपर्यंत, एक सोडून एक.

मालक आला. रांगेच्या कडेने एकदा टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"पेटी बिघडली असती तर सगळ्याच टाक्या गेल्या असत्या," तो म्हणाला. "यंत्र असं निवडून निवडून विसरत नाही. सकाळी टाक्या धुतल्यावर हवेचे व्हॉल्व्ह कुणी उघडले?"

"मी," बाई म्हणाली.

"सगळे उघडले?"

बाई जरा थांबली. रोजचं काम, रोजचे हात. उघडले असणारच. पण छातीठोकपणे सांगायला गेली तर ती सकाळ तिला नीट आठवेना. तिच्या त्या थांबण्यातच मालकाला उत्तर मिळालं. संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

पेटी बनवणारी कंपनी एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. सकाळी जिन्यात पावाचा वास आणि दुपारनंतर वरच्या पत्र्याचा ताप. तिथे बारकी काम करायची. तिला कागदोपत्री चांगलं नाव होतं, पण घरातलं शेंडेफळ म्हणून बारकी, आणि मामा त्याच कंपनीत असल्यामुळे ऑफिसातही बारकीच. नोकरीला लागली तेव्हा पहिला आठवडाभर ती मामाला 'सर, तुम्ही' म्हणत होती. सगळे तोंडावर हात ठेवून हसायचे. मग एक दिवस मामाच म्हणाला, "बास झालं नाटक, मला मीच परका वाटायला लागलोय," आणि पुन्हा 'मामा, तू' सुरू झालं.

पेटीला हुकूम द्यायची भाषा मामाने बनवली होती. एकट्याने, आणि बारकी शाळेत होती तेव्हा. त्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, जे काय केलं ती ही भाषा. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही आपल्या शब्दांत लिहिता यावी अशी होती ती, आणि बागावाले, पोल्ट्रीवाले, शीतगृहवाले खरंच लिहीत होते.

शाळेत वाक्यपृथक्करणाचा तास आला की बारकी पार गोंधळायची. तेव्हा मामाने तिला वाक्याचं झाड काढून दाखवलं होतं. वर क्रियापद, खाली एका फांदीला कर्ता, दुसरीला कर्म. कंपनीत आल्यावर तिला कळलं की मामाचं पोट याच झाडांवर चालतं. माणसाने ओळ लिहिली की पेटी आधी तिचं झाड करते. काय करायचं, कुणाला सांगायचं, किती, अशी एकेक गाठ, तिला ते नोड म्हणत. मग पेटी त्या झाडावरून चालत चालत कामं करते. ओळ कितीही बरोबर असो, झाड चुकलं की काम चुकलं.

साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, बारकीला बोलावलं. "त्या माशांच्या शेडवर जाऊन ये. पेटीतली ओळ उतरवून आण आणि दोन वाक्यांचा रिपोर्ट दे. पेटीने सांगितलं तेच केलं, एवढंच. विमेवाल्यांना हवाय."

शेडमधल्या मेलेल्या टाक्या उपसून झाल्या होत्या, तरी वास भिंतींत राहिला होता. बाईच्या जागी आलेला माणूस बारकीकडे न बघता झाडू मारत होता. तिने पेटी उघडून ओळ पाहिली. पाणी तापलं तर, टाक्या संपेपर्यंत:

पुढची_टाकी.हवा += ५

म्हणजे रांगेतली पुढची टाकी घे आणि तिची हवा पाचने वाढव. मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. बारकीने ओळ दोनदा वाचली. स्वच्छ होती. तिने स्वतःही अशीच लिहिली असती. मग व्हॉल्व्हच राहिले असतील, असं मनाशी म्हणून ती बसमध्ये बसली. पण 'एक सोडून एक' हे तिच्या डोक्यातून जाईना. विसरणारा माणूस कुठेही विसरतो, इतक्या शिस्तीत विसरत नाही.

ऑफिसात तिने टेबलावर एक पेटी मांडली, टाक्यांच्या जागी छोटे दिवे जोडले आणि बाईची ओळ चालवली. पहिला दिवा उजळला. दुसरा होता तसाच राहिला. तिसरा उजळला. चौथा तसाच.

मग तिने त्या ओळीचं झाड छापून काढलं. ओळीत 'पुढची टाकी' एकदा होती, झाडात दोनदा. 'हवा पाचने वाढव' असं += या 'अधिक-बरोबर' चिन्हाने सांगायची सोय भाषेत होती, पण झाडात तिच्यासाठी नोडच नव्हता. वाचतानाच पेटी त्या ओळीचे दोन तुकडे करायची: टाकीला हवा सोडायला सांग, आणि किती ते ठरवायला टाकीची हवा विचारून त्यात पाच मिळव. डावीकडचा शब्द दोन्हीकडे चिकटवून द्यायची. तिथे साधं नाव असतं तर काही बिघडलं नसतं. पण 'पुढची टाकी' हे नाव नव्हतं, तो स्वतःच एक हुकूम होता. दोनदा उच्चारला की रांग दोन टाक्या पुढे सरकायची. एका टाकीला हवा मिळायची, दुसरी नुसती तिची हवा विचारण्यात खर्ची पडायची.

झाडाचा कागद घेऊन ती मामाच्या टेबलाशी गेली. मामाने चष्मा वर करून कागद पाहिला, आणि तिला वाटलं होतं तसा दचकला नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"डावी बाजू दोनदा वाचली जाते ते. तेव्हाच्या पेटीत मेमरी चिमूटभर होती, बारके. एकेक नोड काटकसरीने ठेवला होता. अधिक-बरोबर ही लिहिणाऱ्याची सोय, तिच्यासाठी झाड कशाला वाढवायचं? दोन तुकडे केले, भागलं."

"आणि डाव्या बाजूला हुकूमच असेल तर?"

"तसं कोण लिहितं?"

"बाईने लिहिलं."

मामाने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. खालून बेकरीतले ट्रे आपटल्याचा आवाज आला.

"भाषेच्या पुस्तकात कुठे लिहिलंयस का, की असं लिहू नका म्हणून?"

"नाही. एकाने विचारलं होतं एकदा. मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत बघू. मग मोठ्या पेट्या आल्या, दुसरी कामं आली. राहून गेलं."

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"भाषेच्या हिशेबाने चूक होतं."

"मामा, भाषा तू केलीस."

तो उठला, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो तिला 'तुम्ही' म्हणायला लागला. "त्या फाइली तुम्ही बघितल्यात का?" ऑफिसातले लोक पुन्हा गमतीने हसले. बारकीला ते 'तुम्ही' काट्यासारखं लागलं.

ती आपल्या मनाने नवा नोड करायला बसली. दोन दिवस मामा तिच्या मागून येता-जाता पडद्यावर नजर टाकायचा आणि पुढे जायचा. तिसऱ्या दिवशी तो थांबला.

"साध्या 'बरोबर' चिन्हाचं काय करणार आहात? टाकी.हवा = ५. दिसतं डब्यात वस्तू ठेवल्यासारखं, पण ठेवत काहीच नाही आपण. टाकीला काम सांगतो."

"म्हणून ते झाडातही कामच राहणार. फक्त कामाचं नाव 'हवा' नाही, 'हवा कर'. विचारणं वेगळं, करायला सांगणं वेगळं."

"आणि अधिक-बरोबर?"

"त्याला स्वतःचा नोड. कुणाला सांगायचं, कशाबद्दल, कोणती क्रिया, किती. अशा चार फांद्या. कुणाला सांगायचं ते एकदाच येतं. ती टाकी एकदा शोधायची, हातात धरून ठेवायची, तिलाच विचारायचं आणि तिलाच सांगायचं."

"कंस असला तर? टाकी[मोजणी] += ५. कंसातलंही दोनदा वाचलं जाईल."

बारकीने कपाळावर हात मारला. "ते राहिलंच."

"राहणारच," मामा म्हणाला आणि नकळत खुर्ची ओढली. "सरक जरा. कीबोर्ड दे इकडे."

ते दोघं संध्याकाळपर्यंत खांद्याला खांदा लावून बसले. मामा भांडत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी ओळ चालवली तेव्हा दिवे एकामागून एक सगळे उजळले. बारकीने हसून मामाकडे पाहिलं. तो हसत नव्हता. दिव्यांकडे बघत म्हणाला, "एवढंसंच होतं. एका दिवसाचं काम."

बारकीने रिपोर्ट लिहिला तो दोन वाक्यांचा झाला नाही. साहेबांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

"दुरुस्ती चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत जाऊ दे. पण हा कागद बाहेर जाणार नाही. विमेवाले बाईचा निष्काळजीपणा धरून चाललेत. त्यांना कळलं की आपली भाषाच अशी आहे, तर ते आपल्या मानगुटीवर बसतील. वीस घरं चालतात या कंपनीवर."

"आणि बाईचं घर?"

"तिला काहीतरी मिळालं असेल की दुसरं." साहेब वाईट माणूस नव्हते, त्यामुळे हे म्हणताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "शिवाय तुझ्या शब्दाला कोण विचारतं? भाषा बनवणाऱ्याने सही केली तर गोष्ट वेगळी. आणि तो करणार नाही. आयुष्य घातलंय त्याने यात."

बारकीने मामाला हे सांगितलं नाही. नुसता रिपोर्ट त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने तो घडी घालून खिशात टाकला.

घरी आईला कुठूनतरी कुणकुण लागली. आई म्हणजे मामाची थोरली बहीण, त्याला तिने अंगाखांद्यावर वाढवलेलं. "तुझ्यापायी त्याची नोकरी जाईल," ती बारकीला म्हणाली. "कोण कुठली बाई, आणि तू आपल्या माणसाच्या पोटावर पाय देतेस?"

"मी काही केलं नाही, आई. कागद नुसता ठेवला."

"ठेवलास ना? मग केलंसच की."

मामाने सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात चार ओळी जोडल्या, की ही त्रुटी मला ठाऊक होती, पुस्तकात मी ती सांगितली नाही, आणि बाईने लिहिलेल्या हुकमात कसलीही चूक नव्हती. साहेबांना न विचारता त्याने तो कागद शेडच्या मालकाला आणि विमेवाल्यांना पाठवून दिला. त्याच आठवड्यात त्याला बोलावून घेतलं गेलं. आरडाओरडा झाला नाही. साहेबांचे डोळे भरून आले होते म्हणतात. प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा, असं ठरलं. निघताना मामाने ड्रॉवरमधून फक्त चष्म्याचं घर आणि एक कप उचलला.

आता बाईला परत घेतील, असं बारकीला वाटत होतं. तिने मालकाला फोन केला.

"तुमच्या त्या कागदाने माझा विमा अडकवून ठेवलाय," मालक म्हणाला. "आता ते म्हणतात, कंपनीकडे मागा. कंपनी म्हणते, कोर्टात या. बाईला घेऊन काय करू? उरलेली पिल्लंही विकली, टाक्या रिकाम्या आहेत."

"निदान तिला कळवलंत का, की तिची चूक नव्हती?"

"तुम्हीच कळवा," म्हणून त्याने फोन ठेवला.

बाईचा पत्ता शेडमधल्या झाडूवाल्याने दिला. ती आता एका लॉन्ड्रीत होती. हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन, वाळवून, घड्या घालायच्या. बारकी आणि मामा दोघं गेले. आत वाफेने भिंती घामेजल्या होत्या आणि मशीनच्या घरघरीत मोठ्याने बोलावं लागत होतं. बाई पन्नाशीची, ठेंगणी, कोपरापर्यंत बाह्या चढवलेली. तिने हात थांबवले नाहीत.

बारकीने जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. बाईने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे व्हॉल्व्ह उघडे होते?"

"हो. तुम्ही सगळं बरोबर केलं होतं."

"मला अजून आठवत नाही," बाई म्हणाली. "अंथरुणाला पाठ टेकली की मी ते व्हॉल्व्ह उघडायला लागते. पहिला उघडते. दुसऱ्यापाशी आले की अडते. मुलीला सांगून बसले मी, माझ्या हातून एवढे जीव गेले म्हणून. ती म्हणाली, जाऊ दे आई, वय झालं." तिने चादर झटकली. "आता तिला काय सांगू? वय झालेलं नव्हतं म्हणून?"

बारकीने रिपोर्टची प्रत पुढे केली. बाईने हात पुसून ती घेतली, वरून खालपर्यंत वाचली. शेवटच्या चार ओळींवर तिचं बोट थांबलं. तिने मामाकडे पाहिलं.

"हे तुम्ही?"

"हो."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग पुस्तकात घालायचं होतं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मी ते पुस्तक सगळं वाचलं होतं. लिहिलं असतंत तर मी टाकी आधी एका नावात धरली असती आणि मग हवा वाढवली असती. एक ओळ जास्त. मला काय जड होतं?"

मामाने पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरलं, घडी घालायला. बाईने ते हळूच त्याच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या. आमची घालायची पद्धत वेगळी आहे."

ते दोघं बाहेर आले. मामा फुटपाथच्या कडेवर बसला, भर वर्दळीत, लोक वळून बघत होते. बारकी त्याच्या शेजारी उभी राहिली. तुझी चूक नाही म्हणावं तर ते खोटं होतं, आणि तुझीच म्हणायला आता काही उरलं नव्हतं, तो सगळं स्वतःच लिहून बसला होता.

"चल, मामा. बस येईल."

"जा तू. मी येतो चालत," तो म्हणाला. तिची बस वळली तेव्हाही तो तिथेच बसलेला होता.

पुढे कंपनीवर दावा झाला आणि रखडत राहिला. मालकाने ती शेड विकली, तिथे आता फर्निचरचं गोदाम आहे. बाई लॉन्ड्रीतच राहिली. तो कागद तिने मुलीला दाखवला की नाही, ते बारकीला कधी कळलं नाही. विचारायला जायचा तिला धीर झाला नाही. आई बारकीशी बोलते, पण मामाचा विषय निघाला की उठून आत जाते. मामा लहान गावातल्या एका मित्राकडे राहायला गेला. फोन केला तर दोन शब्द बोलतो, जेवलीस का, झोप येते का. कामाचं विचारलं की त्याला ऐकू येईनासं होतं.

नवी आवृत्ती सगळ्या पेट्यांमध्ये गेली. कुणाचाही फोन आला नाही. बागांना पाणी मिळत होतं, शीतगृहं थंड होती. काही बदललंय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामाच्या टेबलापाशी नवीन मुलगी बसायला लागली, पण तिने आपली खुर्ची आणली होती. मामाची खुर्ची साहेबांनी मीटिंगच्या खोलीत नेऊन ठेवली. तिथे नेहमी एक कमी पडायची.